हातचं न राखता शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

चांगल्या हाताची बाई कृती सांगते, पण एक जिन्नस गाळून सांगते, असं म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. व्यावसायिक स्वयंपाकघरात जागा एक आणि उमेदवार चौघी असल्या की हातचं राखून शिकवणं हा नुसता स्वभाव राहत नाही, नोकरी टिकवण्याची ती सोय होते. तुम्ही ती सोय वापरली नाहीत. म्हणून हे आभाराचं पत्र. जाहीर अशासाठी लिहितोय, की तुम्ही दिलेलं पुढच्या मुलींनाही उचलता यावं.

पहिले आभार तुमच्या कृतीच्या कागदाचे. त्यावर ‘अंदाजाने’, ‘मावेल तेवढं’, ‘चवीपुरतं’ हे शब्द नसतात, सगळं ग्रॅममध्ये असतं. कप हलक्या हाताने चमच्याने भरला तर मैदा 120 ग्रॅम बसतो, तोच कप डब्यात खुपसून काढला तर 150 पर्यंत जातो. चार कपांच्या कृतीत एक अख्खा कप मैदा जास्तीचा पडतो आणि केक कोरडा झाला की बोल ओव्हनला लागतो. मिठाचंही तसंच. बारीक मीठ छोट्या चमच्यात सहा ग्रॅम बसतं, पापुद्र्यांचं मीठ त्याच चमच्यात साधारण निम्मंच. यीस्ट आणि जिलेटिनसाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा वेगळा काटा हवाच, हा तुमचा हट्ट सुरुवातीला चोचलाच वाटतो. दोन ग्रॅमच्या जागी तीन पडून अख्खा घाणा फसतो, तेव्हा तो पटतो.

पावाचं गणित तुम्ही ज्या रीतीने मांडता, तशी मांडणी बहुतेकींना कुणी दाखवलेलीच नसते. मैदा म्हणजे 100 टक्के, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात: पाणी 65, मीठ 2, झटपट यीस्ट 1. बेरीज 168. दोन किलो कणीक हवी असेल तर 2000 ला 1.68 ने भागायचं. मैदा आला 1190 ग्रॅम, पाणी 774, मीठ 24, यीस्ट 12. उद्या मागणी सात किलोंची आली तरी कुणाला फोन करायला नको. त्याच्याखाली पाण्याच्या तापमानाची ओळ. मळून झाल्यावर कणीक 25 अंशांवर हवी, तर 25 च्या तिप्पट 75, त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे अंश वजा करायचे. खोली 30, मैदा 29, घर्षण 10 असेल तर पाणी 6 अंशांचं, म्हणजे बर्फ घालून. घर्षणाचा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. तो एकदा मोजून यंत्रावरच चिकटवून ठेवायचा. उन्हाळ्यात कणीक वेळेआधी फुगून आंबट होते, ती बहुधा हा हिशेब न केल्यामुळे.

भांडं बदललं की प्रमाण कसं बदलायचं, हेही तसंच. 20 सेंटिमीटरच्या गोल साच्याची कृती 25 च्या साच्यात घालायची तर सव्वापट करून चालत नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून 1.56 पट. भाजण्याचा वेळ मात्र त्या पटीत वाढवायचा नाही. थराची जाडी तीच राहिली तर वेळ थोडाच वाढतो, आणि आकड्यापेक्षा मधोमध टोचलेल्या काडीवर विश्वास ठेवायचा.

पण तुमच्या कागदाचा जीव तिसऱ्या रकान्यात आहे: ‘बिघडलं तर का’. गाळलेला जिन्नस असतो तो नेमका इथला. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांवर वितळवायचं, 27–28 ला उतरवायचं, पुन्हा 31–32 वर आणून काम करायचं, इतकं कुणीही सांगतं. पुढचं तुम्ही लिहिता. काम करताना ते 34 च्या वर गेलं तर कोकोच्या लोण्याचे जमलेले स्फटिक मोडतात, मग पुन्हा पहिल्यापासून. पृष्ठभागावर राखाडी रेघा आल्या आणि बोटाने चोळल्यावर वितळल्या तर ते लोणी वर आलंय, तापमान चुकलं. चोळून खरखरीत लागलं तर ती साखर आहे, फ्रीजमधला ओलावा बसलाय. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड 82–84 ला उतरवायचं, कारण 85 च्या पुढे त्याच्या गुठळ्या होतात, आणि पातेलं गरम असल्यामुळे खाली उतरवल्यावरही तापमान चढत राहतं. म्हणून दुसरं थंड भांडं आधीच शेजारी हवं. कच्चा अननस, पपई किंवा किवी घातला तर जिलेटिन धरतच नाही, कारण त्या फळांतलं पाचक द्रव्य त्याचे तुकडे करतं. फळ आधी उकळून घेतलं की प्रश्न मिटतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे किती जणींनी जिलेटिन दुप्पट करून रबर बनवलं असेल, देव जाणे.

कृती पक्की म्हणायची तर तीन चाचण्या, दर वेळी एकच बदल, आणि तिसरी चाचणी तो पदार्थ कधीच न केलेल्या मुलीने नुसता कागद वाचून करायची. लिहिणारीने शेजारी गप्प उभं राहायचं. ती जिथे थबकते तिथे कागद अपुरा, मुलगी नव्हे. इथे एक मतभेद नोंदवतो: सॉससाठी तीन पुरेत, पावासाठी नाहीत. दमट हवेत आणि कोरड्या हवेत एकेक तरी हवीच.

चव सांगण्याच्या तुमच्या रीतीचेही आभार मानायला हवेत. ‘छान झालंय’ याने करणारीच्या हाती काही लागत नाही. तुम्ही ठरलेल्या क्रमाने बोलता: मीठ, आंबटपणा, स्निग्धपणा, पोत, वाढतानाचं तापमान. ‘बेचव आहे’ याऐवजी ‘मीठ पुरेसं आहे, आंबट कमी पडतंय, लिंबाचा रस पाच ग्रॅम घालून पुन्हा बघ’. पानं वाढायची गर्दी चालू असताना एका वेळी एकच दुरुस्ती, बाकीच्या काम संपल्यावर. गर्दीत पाच सूचना एकदम मिळाल्या तर नवखी मुलगी पाचही विसरते आणि भाजून घेते ते वेगळंच.

आता पैसे. बायकांच्या हिशेबातून हमखास गळणारी ओळ म्हणजे स्वतःचे तास. तुमची मांडणी अशी: एक किलो कांदा सोलून, देठ काढून 900 ग्रॅम उरला तर खरेदीभावाला 0.9 ने भागा, खरा भाव तो. जिन्नसांचा खर्च विक्रीच्या 30 टक्के ठेवायचा तर त्या खर्चाला 0.30 ने भागा. आणि लगेच इशारा, की सजावटीच्या केकला हे सूत्र लावू नका. तिथे साखर-मैदा थोडा आणि हात जास्त, त्यामुळे सूत्राने आलेली किंमत हमखास तोट्याची निघते. तिथे आधी तास मोजायचे. गिऱ्हाइकाशी बोलणं, नमुना काढणं, सजावट, भांडी घासणं, पोचवणं, सगळे. मग त्यात जिन्नस, खोका, इंधन आणि फसलेल्या घाण्यांचा वाटा. ओळखीच्यांना सवलत द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण किंमत लिहून सवलत खाली वेगळी दाखवायची. नाहीतर पुढच्या वेळी सवलतीचा आकडाच भाव ठरतो. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तारीख अडवायची नाही.

नावाच्या बाबतीत तुम्ही कडक. जिन्नसांच्या नुसत्या यादीला बहुतेक देशांत स्वामित्वहक्क मिळत नाही. तो मिळाला तर मांडणीच्या शब्दांना आणि छायाचित्रांना. म्हणून कृती दुसऱ्याच्या हाती देण्याआधी लेखी करार: मेन्यूवर नाव येणार का, काम सोडल्यावर कृती कुणाची, फोटो कुठे वापरणार. शिफारसपत्रातही ‘मेहनती आणि मनमिळाऊ’ लिहून तुम्ही भागवत नाही. कुठला विभाग, किती पानं वाढली, कुणाच्या मदतीशिवाय, तेच लिहिता. स्वतःला न जमणारं काम नाकारताना दुसरीचं नाव सुचवता आणि तीच का, हे एका वाक्यात सांगता. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या मेर फियू या स्वयंपाकीणबाईंच्या हाताखाली काम केलेल्या युजेनी ब्राझिए यांच्या दोन रेस्टॉरंटना 1933 मध्ये प्रत्येकी तीन मिशलँ तारे, म्हणजे त्या मानांकनातला सर्वोच्च दर्जा, मिळाले, आणि नामवंत फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज पुढे ब्राझिएंच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करून गेले. बोक्यूज यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, मागच्या दोघींचं सांगावं लागतं. तुम्ही ते दर नव्या तुकडीला सांगता.

अंगमेहनतीचंही थोडक्यात. ओटा उंच पडला तर पायाखाली घट्ट फळी घ्यायची. चिरताना पृष्ठभाग कोपरापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर खाली हवा, मळताना आणखी खाली, नाहीतर खांदा जातो. चिरण्याच्या फळीखाली ओलं फडकं. लहान पंजाला 25 ऐवजी 18 सेंटिमीटरची सुरी. 25 किलोचं पोतं एकटीने उचलायचं नाही, आल्या आल्या दोन डब्यांत वाटायचं. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. आणि कोठीघरात कुणी त्रास दिला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवायचे. ही वही पाककृतीच्या वहीइतकीच नीट ठेवायला तुम्ही शिकवलंत.

जाता जाता एक दुरुस्ती. तुमच्या कागदावर व्हाइट चॉकलेटचं काम करायचं तापमान 31 लिहिलंय, बहुधा डार्कच्या ओळीवरून उतरलं असावं. 28–29 ला चकाकी येते आणि तुकडा टणकन मोडतो. तीन चाचण्या झाल्या आहेत, तिसरी नवख्या मुलीने केली. कागद बदलून घ्यावा.

तुमच्या,
काट्याशेजारच्या सगळ्याजणी