1975 च्या आधीची नव्वद वर्षं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला महिला दिनाचा लेख वाचला. मेक्सिकोतली 1975 ची परिषद आणि त्याच वर्षी पुण्यात भरलेली स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद, यांच्याबद्दलचा मजकूर फार आवडला. पण आपल्या बायकांचा जगातल्या बायकांशी संबंध 'तिथून सुरू झाला', हे मला मान्य नाही. तो त्याआधी निदान नव्वद वर्षं होता, आणि तो ज्या इमारतीतून चालला तिथेच माझा जन्म झाला.

कामा हॉस्पिटल. आई तेव्हा कोकणातून नव्यानेच मुंबईत आलेली. पुरुष डॉक्टरसमोर जाणार नाही म्हणून अडून बसली होती. शेजारच्या काकूंनी तिला समजावलं, "कामात चल, तिथे सगळ्या बायाच असतात." ही गोष्ट आई शेवटपर्यंत सांगायची. त्या बाया तिथे आल्या कशा, हे मात्र तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

1883 साली डॉ. एडिथ पेची इंग्लंडहून मुंबईत आल्या. त्या एडिनबर्ग विद्यापीठात वैद्यकीला बसलेल्या पहिल्या बायकांपैकी. रसायनशास्त्रात वरचे गुण मिळवूनही केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती पुरुष विद्यार्थ्याला दिली गेली. 18 नोव्हेंबर 1870 ला त्या आणि त्यांच्या मैत्रिणी शरीरशास्त्राच्या परीक्षेला गेल्या, तेव्हा जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला आणि फाटक तोंडावर बंद केलं. पदवी अखेर एडिनबर्गने दिलीच नाही. ती स्वित्झर्लंडला जाऊन बर्नमध्ये घ्यावी लागली.

अशा बाईला अख्खं हॉस्पिटल सोपवलं ते मुंबईने. जॉर्ज किट्रेज हे इथले अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामांनी हॉस्पिटलसाठी देणगी दिली, ती ते बायकांनीच चालवावं या अटीवर. 1886 मध्ये हॉस्पिटल उघडलं. बाईला पुरुष डॉक्टरइतकाच पगार हवा, असं पेची इथे ठणकावून सांगत. म्हणजे मदत काही एकाच दिशेने वाहत नव्हती. मुंबईने त्यांना जे दिलं ते त्यांच्या मायदेशाने दिलं नव्हतं.

याच काळात गिरगावात रखमाबाईंचा खटला पेटला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला कधीच न गेलेली ही मुलगी आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत होती. 1884 मध्ये नवऱ्याने तिच्या ताब्यासाठी दावा लावला. रखमाबाईंनी काय केलं असेल? आपल्यासारख्याच एका संपादकांना पत्र लिहिलं! जून 1885 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध ते छापून आलं, सप्टेंबरात विधवांच्या स्थितीवर दुसरं. खाली सही फक्त 'एक हिंदू स्त्री'. न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. पण अपिलात तो निकाल उलटला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

तेव्हापासून आजपर्यंत एक आक्षेप ऐकू येतो, की या बाईला परक्यांनी फूस लावली. टिळकही त्यांच्या विरोधात होते. टिळकांबद्दल माझ्या मनात अतोनात आदर आहे, पण इथे ते चुकले असं मी स्पष्ट म्हणते. कारण 'वैवाहिक हक्काची पुनःस्थापना', म्हणजे वेगळ्या राहणाऱ्या जोडीदाराने परत नांदायला यावं, हा दावाच मुळी आपल्या धर्मशास्त्रातला नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इथे आला. आणि ज्या 1884 साली रखमाबाईंवर तो लागला, त्याच साली इंग्लंडच्या संसदेने अशा हुकमासाठी माणसाला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. का, तर जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईने असाच हुकूम मिळवला होता आणि तिच्या नवऱ्यावर तुरुंगाची पाळी आली होती! तिथला नवरा सुटला. इथल्या बायकोला मात्र तीच शिक्षा सुनावली गेली. आता सांगा, यात परकं कोण? गिरगावच्या मुलीच्या पाठीशी उभी राहिलेली पेचींसारखी डॉक्टर, की तो कायदा?

रखमाबाईंचं पत्र 1887 मध्ये लंडनच्या टाइम्समध्येही आलं. तेव्हा अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याबद्दल संतापून लिहिलं. पुढच्या वर्षी नवऱ्याने 2000 रुपये घेऊन तडजोड केली. पेचींनी डॉक्टर होण्याला बळ दिलं, मताधिकाराच्या चळवळीतल्या इव्हा मॅकलॅरन यांनी इंग्लंडात आधार दिला. 1894 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेतून रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, मग राजकोट इथे आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केली. मधल्या काळात, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर आलं. आज ऐकूनही अंगावर काटा येतो, पण त्या दोन वर्षांसाठीसुद्धा रणं माजली होती.

आणि पेची? त्या वीसहून अधिक वर्षं इथे राहिल्या, प्लेग-कॉलऱ्यात राबल्या आणि 1905 मध्ये परतल्या. 9 फेब्रुवारी 1907 ला लंडनमध्ये मताधिकारासाठी तीन हजारांवर बायका पावसात, चिखल तुडवत हाइड पार्कपासून एक्झेटर हॉलपर्यंत चालल्या, त्यात पेची आघाडीला होत्या. मुंबईत हॉस्पिटल चालवलेली बाई लंडनला मत मागत होती. वर्षभरानंतर त्या गेल्या.

रखमाबाई गेल्या 25 सप्टेंबर 1955 ला. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता, आणि त्याच्या कलम 9 मध्ये तोच पुनःस्थापनेचा दावा नवरा-बायको दोघांसाठी शाबूत होता. तुरुंग आता नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडने हा दावा 1970 मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे त्याला आव्हान देणारी याचिका 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढच्या 8 मार्चच्या पुरवणीत या कलम 9 वर एक पूर्ण पान द्या, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, गिरगाव