काकू, तुम्ही साठही खुर्च्यांवर बसून पाहिलंत

आदरणीय काकू,

प्रभूच्या नावात सलाम.

हे सगळं मी तुम्हाला समोरासमोर सांगायला हवं होतं. पण तुमच्यापुढे बोलायला लागलं की माझा गळा दाटतो आणि तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

नाशकातल्या पाथर्डी फाट्याजवळच्या हॉलमध्ये आमची उपासना सुरू होऊन चार महिने झाले. सुरुवातीला अकरा कुटुंबं होतो. बहुतेक जण नगर, धुळ्याकडून अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेले, प्रत्येकाची मूळ मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी, एकाच गीताच्या चालीही वेगळ्या. हौस भरपूर होती. पण नव्या माणसाला परकं वाटणार नाही अशी उपासना कशी बसवायची, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांचे उंबरे झिजवले. एकांनी विचारलं, "आधी सभासद किती, ते सांगा." दुसऱ्यांनी तीनदा वेळ दिली आणि तिन्ही वेळा आले नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

खरं दुखणं त्याच्याही आधीचं. आई ते तुम्हाला सांगत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. नाशकात आल्यावर ती पहिल्यांदा ज्या चर्चमध्ये गेली, तिथे तिसऱ्या बाकावर बसली. गीत चालू असताना एक जण वाकून म्हणाला, "आजी, ही आमच्या घरच्यांची जागा आहे. मागे बसा." आईने पुस्तक मिटलं, पदर सावरला आणि सगळ्यांच्या देखत मागे गेली. त्यानंतर दोन वर्षं ती कुठल्याच उपासनेला गेली नाही. भारी कपड्यातल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात किती स्पष्ट सुनावलंय! तो अध्याय वाचला की मला अजून आईचं ते मिटलेलं पुस्तक दिसतं.

आणि मग त्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही आलात. आम्ही उपासनेचा क्रम कागदावर लिहून तयार ठेवला होता. तुम्ही तो हातात घेतला, घडी करून पर्समध्ये टाकलात आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलात. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. भाड्याच्या साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, तुमचे ते दुखरे गुडघे, आणि दर वेळी पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठणं. प्रत्येक ठिकाणी बसून तुम्ही पाळकांना, म्हणजे आमच्या पास्टरना, म्हणायचात, "हं, वाचा," आणि डोळे मिटून ऐकायचात. "इथे पंख्याच्या घरघरीत वचन ऐकू येत नाही." "ही दाराजवळची तान्हं मूल असलेल्या बाईला द्या, रडलं तर तिला पटकन बाहेर जाता येईल." खांबामागच्या खुर्चीवर तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ बसलात. मग उठलात आणि ती खुर्ची स्वतः उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलीत. म्हणालात, "इथे जो बसेल त्याला वाटेल, मी आलो नसतो तरी चाललं असतं."

काकू, त्या क्षणी आई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला.

बाकीचंही तुम्हीच शिकवलंत. फर्स्ट शिफ्टवाल्यांना घरी जाऊन आंघोळ करून येता यावं म्हणून उपासना संध्याकाळी पाचला. नव्या माणसाला उभं करून नाव-गाव विचारायचं नाही. गीतं ठळक अक्षरांत छापायची. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, ते दर वेळी सांगायचं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावरच म्हणायची.

आणि आपल्या नाशकातल्या शरणपूरची गोष्ट सांगितलीत. मी त्या रस्त्याने हजारदा गेलो असेन, नावाचा कधी विचार केला नव्हता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे मिशनऱ्यांनी सांभाळली, शिकवली. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब वेनराइट होता. "या गावाने समुद्रापलीकडची लेकरं सांभाळलीत," तुम्ही म्हणालात, "तुम्हाला धुळ्याचा माणूस जड जाणार आहे का?"

चांगुलपणाला मोठं पद लागत नाही, भरलेला खिसाही लागत नाही. दुसऱ्याच्या जागी खरोखर जाऊन बसायची तयारी लागते. तुमच्यासारख्या माणसांच्या जोरावर मंडळ्या उभ्या राहतात, आणि त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या रविवारी आई दारात थांबली आणि तिने मला विचारलं, "कुठे बसू रे?" मी म्हटलं, "कुठेही बस." तिने थोडा वेळ सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. मग जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. तुम्ही मागे उभ्या होतात, तुम्हीही ते पाहिलंत. तुमचे डोळे पुसणं मला दिसलं होतं.

गेल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. एका मुलाने व्हरांड्यातली ती खुर्ची आणून खांबामागे ठेवली. आई उठून गेली, त्याला म्हणाली, "बाळा, इथे नाही. काकूंनी सांगितलंय." मग दोघांनी मिळून पुढे पेटीशेजारी सतरंजी अंथरली.

तुमचाच,
पेटीवाल्या आजींचा मुलगा

ता. क. आईने पुन्हा पेटी वाजवायला सुरुवात केली आहे.