दिव्यांग कायद्यामागचा व्यापाऱ्यांचा माणूस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६ जुलै आला की अमेरिकेतल्या दिव्यांग हक्क कायद्याची, ज्याला सगळे एडीए म्हणतात त्याची, आठवण निघते आणि दरवेळी तेच दोन फोटो दिसतात. एक तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर कायद्यावर सही करतायत तो आणि दुसरा १२ मार्च १९९० चा, व्हीलचेअर खाली सोडून संसदेच्या पायऱ्या हातांवर, गुडघ्यांवर चढणाऱ्या आंदोलकांचा, त्यात आठ वर्षांची जेनिफर कीलन पण होती. तो दुसरा फोटो बघून मला अजूनही भरून येतं. पण त्याच वर्षी संसदेच्या आत, बंद खोल्यांमध्ये काय चाललं होतं याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही आणि तिथल्या एका माणसाबद्दल तर मी मराठीत काहीच वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र. त्यांचं नाव स्टीव्ह बार्टलेट.

बार्टलेट मुळात धंद्यातले. टेक्सासमधल्या डॅलसमध्ये स्वतःची कंपनी, तिथेच नगरसेवक, १९८३ पासून रिपब्लिकन पक्षाचे खासदार, १९९१ ते ९५ डॅलसचे महापौर, आणि नंतर १९९९ ते २०१२ फायनान्शियल सर्व्हिसेस राउंडटेबल या संघटनेचे प्रमुख. ही संघटना म्हणजे बँका, विमा कंपन्या, गुंतवणूक कंपन्या यांच्यातल्या बड्या मंडळींची. असा माणूस दिव्यांगांच्या कायद्यात अडथळा आणणार असंच कुणालाही वाटेल ना.

झालं उलटं. सिनेटने, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाने, सप्टेंबर १९८९ मध्ये ७६ विरुद्ध ८ मतांनी बिल पास केलं पण खालच्या प्रतिनिधीगृहात ते चार कमिट्यांकडे गेलं आणि छोट्या व्यावसायिकांच्या संघटना तर उघड विरोधात होत्या, की आम्ही खर्चाने बुडू, कोर्टकज्ज्यात अडकू. शिक्षण आणि कामगार कमिटीत बार्टलेट रिपब्लिकनांकडून वाटाघाटीला बसले, समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टेनी हॉयर, आणि दोघांनी मिळून एकेका कलमावर बोलून मार्ग काढला. नोकरी देणाऱ्याने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यायची, पण धंद्यावर अवाजवी बोजा पडत असेल तर सक्ती नाही, आणि बोजा किती हे त्या कंपनीची ऐपत बघून ठरवायचं, म्हणजे मोठी बँक आणि कोपऱ्यावरचं दुकान एकाच मापात नाही. जुन्या दुकानात सहज जमेल तेवढा बदल करा, नवी इमारत बांधताय तर ती पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येईल अशी बांधा. नोकरीबद्दलची कलमं आधी २५ किंवा जास्त कर्मचारी असणाऱ्यांना १९९२ पासून लागू आणि १५ किंवा जास्त वाल्यांना १९९४ पासून, म्हणजे तयारीला वेळ पण दिला. हे सगळं एकट्या बार्टलेटांनी केलं असं मी म्हणत नाहीये, पण धंदेवाल्यांची भीती खरी कुठे आहे आणि कुठे नुसता बहाणा आहे हे ओळखणारा माणूस टेबलावर होता याने फरक पडतो. २२ मे १९९० ला प्रतिनिधीगृहात बिलाच्या बाजूने मतं पडली ४०३ विरुद्ध २०.

त्याच चर्चेत दुसरी गोष्टही घडली आणि तिची मला मनापासून चीड येते. एड्स असलेल्या कर्मचाऱ्याला खाद्यपदार्थांच्या कामावरून हलवायची मुभा द्या अशी दुरुस्ती आली, रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने जोर लावला, आणि अन्नातून तो रोग पसरतो याला काहीएक आधार नसताना ती १९९ विरुद्ध १८७ मतांनी पास पण झाली. शेवटी दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत ती काढली गेली. व्यापारी संघटना तीच ताकद कुठल्या बाजूला वापरते त्यावर माणसांच्या नोकऱ्या ठरतात.

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो आणि छोटा धंदा पण चालवतो, त्यामुळे तडजोड म्हटली की माझे कान टवकारतात. एडीएत अशा तडजोडी आहेत ज्या मला पटत नाहीत. तीन मजल्यांपेक्षा कमी किंवा मजल्यागणिक तीन हजार चौरस फुटांपेक्षा लहान नव्या इमारतीला, मॉल आणि दवाखाने वगैरे सोडून, लिफ्टची सक्ती नाही. आणि दुकानात पायरी म्हणून आत जाता आलं नाही तर या कायद्याखाली कोर्ट पायरी काढायला लावेल पण तुम्हाला नुकसानभरपाई मिळणार नाही. दुसऱ्या बाजूने, त्याच वर्षी छोट्या धंद्यांना रॅम्प वगैरेच्या खर्चावर वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत टॅक्समध्ये सूट मिळायला लागली, हे मात्र फार शहाणपणाचं झालं.

बार्टलेटांच्या सगळ्याच गोष्टींना मी मान डोलावणार नाही. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरचं सरकारी पॅकेज आलं त्याच्या बाजूने राउंडटेबल उभी होती आणि नंतर बँकांच्या ग्राहकांच्या संरक्षणासाठी वेगळी सरकारी संस्था काढायची म्हटल्यावर तीच संघटना विरोधात गेली, हे मला अजिबात पटलेलं नाही. पण त्याच २००८ मध्ये, कोर्टांनी दिव्यांगाची व्याख्या इतकी आवळून टाकली होती की गोळ्या घेऊन बरं वाटतंय म्हणजे तुम्ही दिव्यांगच नाही, तेव्हा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या व्यापारी संघटना दिव्यांग संघटनांबरोबर बसल्या आणि कायदा दुरुस्त करून घेतला. १९९० ला जे टेबल मांडलं गेलं त्याशिवाय हे इतक्या सहज झालं असतं असं मला वाटत नाही.

राउंडटेबल सोडल्यावर बार्टलेट रिस्पेक्टअबिलिटी या दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष पण होते, आणि तिचा मुख्य भर रोजगारावर, कारण काम तिथंच अडलंय. कायदा होऊन तीस वर्षं उलटली तरी २०२३ मध्ये अमेरिकेत दिव्यांगांपैकी २२.५ टक्केच नोकरीधंद्यात होते, बाकीच्यांमध्ये हेच प्रमाण ६५.८, आणि गंमत नाही, तो २२.५ चा आकडा २००८ पासूनच्या नोंदींमधला तोवरचा सगळ्यात चांगला होता.

म्हणून एक विनंती आहे. तुम्ही व्यापारी संघटनांच्या अध्यक्षांच्या मुलाखती घेता, त्यात टॅक्स झाला, व्याजदर झाले, बाजारात मंदी आहे का तेजी हे झालं की एवढं विचारा, तुमच्या सभासदांपैकी कितीजणांच्या ऑफिसात व्हीलचेअर दारातून आत जाते आणि कितीजणांच्या पगारपत्रकावर एखादा दिव्यांग माणूस आहे. उत्तर येईल तसंच छापा, आकडा शून्य असला तरी.

आपला,
एक वाचक