पॉलिसी रद्द तुम्ही केली, परतावा एजंटला का दिला?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

माझ्या गाडीची पॉलिसी १४ ऑगस्टला तुम्ही रद्द केली. मी रद्द करा म्हटलं नव्हतं. ५ जुलैला १४,८६० रुपये माझ्या बँक खात्यातून तुमच्याकडे जमा झाले, पावती तुमचीच आहे. आधीची पॉलिसी संपून चार दिवस झाले होते म्हणून तपासणीला तुमचाच माणूस औशाला घरी आला आणि चेसिस नंबरापासून काचेपर्यंत फोटो काढून गेला. ४१ व्या दिवशी तुम्ही ठरवलं की फोटो अपुरे आहेत. मग पुन्हा माणूस पाठवायचा होता. गाडी दारातच उभी होती.

रद्द झाल्याचं मला तुम्ही कळवलं नाही, वाहतूक पोलिसाने कळवलं. २ सप्टेंबरला बायकोला डोळ्यांच्या दवाखान्यात लातूरला नेत होतो. त्याने मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाला, "काका, इन्शुरन्स नाही गाडीला." मी पॉलिसीचा कागद पुढे केला, त्याने मशीन पुढे केलं. २,००० रुपये दंड भरला. दंडाचं एक वेळ सोडा. १९ दिवस मी विम्याविना गाडी चालवली. त्या दिवसांत कुणी गाडीखाली आलं असतं तर भरपाईपायी शेत विकावं लागलं असतं. नोटीस नाही, पत्र नाही, साधा मेसेज नाही.

त्यानंतर तुमच्या हेल्पलाइनला अकरा फोन केले. काल अकरावा झाला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं, ते स्वतः ऐका. बाई म्हणाल्या, "सर, रिफंड सक्सेसफुल दाखवतंय." मी विचारलं, कुणाच्या खात्यात? "एजंटच्या." पैसे माझ्या खात्यातून गेले होते, म्हटलं. "मग एजंटशी बोला." एजंटचा फोन महिनाभर बंद आहे, दुकानाला कुलूप आहे, हे मी चौथ्यांदा सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यांना फोन द्या, म्हणजे मी नीट समजावते."

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. माझा आवाज ऐकून, माझी बोली ऐकून त्यांनी मला अडाणी ठरवलं. बायको शेजारी बसून ऐकत होती. मी काही न बोलता फोन ठेवला. रात्री जेवण गेलं नाही.

आता हिशोब. ३६५ पैकी ३२४ दिवस शिल्लक होते. १४,८६० भागिले ३६५ गुणिले ३२४, म्हणजे १३,१९० रुपये. विमा अधिनियम १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की परतावा थेट विमाधारकालाच द्यायचा, एजंटच्या खात्यात कोणत्याही परिस्थितीत जमा करायचा नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीला पॉलिसी फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच रद्द करता येते, आणि तीही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन. मी काय फसवणूक केली ते लेखी कळवा. फोटो तुमच्या माणसाने काढले होते, मी नाही.

नऊ वर्षं तुमच्याकडेच विमा काढला. लेकीच्या स्कूटीचाही तुमच्याकडेच काढायला लावला. एकदाही क्लेम घेतला नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं.

एजंटकडून वसूल करायचे ते तुम्ही करा, तो तुमचा माणूस आहे. माझे १३,१९० रुपये आणि दंडाचे २,००० माझ्या खात्यात जमा करा. महिनाभरात झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज जाईल. तिथेही दाद मिळाली नाही तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात येईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

रद्द केलेला चेक, पावती आणि दंडाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखीच द्या. हेल्पलाइनवरून फोन करू नका.

एक विमाधारक,
औसा, जि. लातूर