चरित्र अभिनेत्यांनाही जागा द्या

रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या नायकांना पानभर जागा मिळते, पण टॉम विल्किन्सन यांच्यासारख्या इंग्रज चरित्र अभिनेत्यावर चार ओळीही क्वचितच दिसतात. ‘द फुल मॉन्टी’त (१९९७) नोकरी गेल्याचे सहा महिने बायकोपासून लपवणारा शेफिल्डचा फोरमन त्यांनी असा उभा केला, की हसता हसता गलबलून येते. त्याबद्दल बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. पुढे दोन ऑस्कर नामांकने, टीव्हीवर साकारलेल्या अमेरिकी राष्ट्रनेते बेंजामिन फ्रँकलिन यांच्या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार. राजस्थानात चित्रित झालेल्या ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरीगोल्ड हॉटेल’मधला, तरुणपणीच्या मित्राच्या शोधात भारतात परतलेला त्यांचा न्यायाधीश तर (जुडी डेंच, मॅगी स्मिथ समोर असूनही!) मला सर्वांत भावला. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. अशा कलावंतांवर आपण सदर सुरू करावे, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे