एएनए पॉझिटिव्ह, बाकी सगळं एनए

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

आपण कामात असता, म्हणून आधी मुद्दा. गेल्या सोमवारी मी सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात तिसऱ्यांदा रक्त द्यायला गेले. नाव लिहीत नाही, तिथल्या पोरींना उगाच मेमो नको. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं : एएमए, एएसएमए, एलकेएम. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलंय का, ते बघायच्या या रक्ताच्या तपासण्या. खिडकीतल्या मुलीनं त्यावर तांबड्या पेनानं दोन अक्षरं लिहून चिठ्ठी परत सरकवली. एनए. आम्हाला एनए म्हटलं की प्लॉट आठवतो, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "नॉट अव्हेलेबल, मावशी. किट नाही."

मार्चमधल्या शिबिरात व्यासपीठावरच्या एका साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं, यापुढे एकाही तपासणीसाठी बाहेर जावं लागणार नाही. टाळ्या मीही वाजवल्या. तळहाताला खाज होती, तेवढंच बरं वाटलं.

लिव्हरच्या आजाराची ही खाज काय असते ते सांगते. मी अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे मोजते, चलन लिहिते. दिवस निघून जातो. रात्री दोन वाजता तळपाय पेटतात. पुरळ नाही, चट्टा नाही, बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. चादरीच्या काठावर पाय घासून घासून काठ उसवला. मग बादलीत पाय बुडवून बसायचं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यातली एक बादली माझ्या पायांची. त्यावरून घरात बोलणी खाल्ली.

पहिल्या डॉक्टरांनी खरूज सांगितली. घरातल्या सगळ्यांनी मलम लावलं. सासूबाईंनी माझं ताट वेगळं मांडलं, ते आठ महिने वेगळंच राहिलं. दुसरे म्हणाले टेन्शन. तिसरे म्हणाले, या वयात बायकांना होतंच. डोळे कोरडे, तोंड कोरडं, म्हणून शेवटी एकांनी एएनए करायला लावला, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायची पहिली तपासणी. तो पॉझिटिव्ह आला. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : एएमए तपासावा. ती ओळ चौघांनी वाचली नाही. मी वाचली, कारण चलन तळापर्यंत वाचायची सवय आहे.

आता तुमच्या अधिकाऱ्यांसाठी थोडं लिहिते. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे लिव्हर गेलं, असं नसतं. धडधाकट माणसातही तो थोडाफार येतो. म्हणून सरसकट सगळ्यांना तपासा असं माझं म्हणणं नाही. पण एएनए पॉझिटिव्ह आणि सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त अडलं की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलं असेल, तर त्याच नळीतल्या रक्तावर एएमए का होत नाही? पित्ताच्या बारीक नळ्या सुजण्याचा जो आजार मला निघाला, पीबीसी, त्यात शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांना एएमए सापडतो. माझं फॉस्फेटेज ४१२ होतं, म्हणजे बरंच वाढलेलं. यावर उर्सोची गोळी आहे, वजनाच्या हिशेबानं, किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम. लवकर सुरू केली तर बऱ्याच जणांचं लिव्हर वर्षानुवर्षं टिकतं. एएसएमए आणि एलकेएम ज्यांच्यात निघतात, त्यांचा आजार बहुतेक वेळा वेगळा असतो, त्याला स्टेरॉइड लागतं. म्हणजे नुसतं "लिव्हरला सूज" लिहून भागत नाही, कुठली ते कळायला हवं.

मला कळलं ते भिशीच्या पैशांनी, खासगी लॅबमध्ये. नमुना पुण्याला गेला, दहा दिवसांनी रिपोर्ट आला. अडीच वर्षांचा सगळा खर्च ३१ हजार, की ३३. दोन पावत्या पावसात भिजल्या. सोमवारी पुन्हा गेले, कारण सरकारी कागदांवर सरकारी रिपोर्टच लागतो म्हणाले. घ्या!

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारलं. आरोग्यमित्र भला माणूस, त्यानं बोर्ड दाखवला. उपचारासाठी मिळणाऱ्या दीड लाखाचे पाच लाख करायचं २०२३ मध्ये ठरलं, छान झालं. पण त्यासाठी भरती व्हावं लागतं. ओपीडीत नळीभर रक्त द्यायचं तर योजना लागू नाही. म्हणजे लिव्हर सडून पोटात पाणी होईपर्यंत मी थांबायचं, मग तुम्ही लाखाच्या गोष्टी करणार. आमचे शेठजीसुद्धा मागाचा धागा तुटला की लगेच जोडून घेतात, अख्खं कापड खराब होईपर्यंत वाट बघत नाहीत.

आणि हा आजार दहात नऊ बायकांना होतो. दहात नऊ पुरुषांना झाला असता, तर किटचं भूमिपूजन झालं असतं, कमानी लागल्या असत्या. सोलापूर २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं. दिवे लागले, बाक आले. २०११ ला शहर साडेनऊ लाखांचं होतं, आता बारा तरी असेल. त्यात माझ्यासारख्या शंभर बायका असतील, पाचशे असतील. आकडा अंदाजानं टाकलाय, चुकला असेल तर बरोबर आकडा तुम्ही सांगा. पण मोजायलाही किटच लागतं ना.

आमच्या गल्लीत चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारा एक जण आहे. रविवारीसुद्धा असतो. त्याचा चुना कधी संपत नाही. शेजारची एकोणीस वर्षांची पोर महिनाभर त्याच्याकडेच जात होती. तिला कुणी हसू नका. तो निदान हजर असतो.

मागणी एवढीच. जिल्ह्याच्या ठिकाणी या तीन तपासण्या फुकट आणि भरती न होता करा. किट संपण्याआधी मागवा. टॉवेलचा गठ्ठाही संपण्याआधीच मागवतात. आणि बाहेरचा रिपोर्ट असेल तर तो धरा, पुन्हा रक्त मागू नका.

सोबत चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आहे, तांबडी अक्षरं त्यात काळी आली आहेत. मूळ चिठ्ठी माझ्याकडेच ठेवते. खिडकीतल्या मुलीनं पुढच्या सोमवारी पुन्हा यायला सांगितलंय.

आपली,
टॉवेल मोजणारी एक बाई, सोलापूर