कोपऱ्यातील तिरक्या कपाटांना चुकीच्या बिजागऱ्या बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा विभागप्रमुख,
मॉड्युलर किचन विभाग

विषय : स्वयंपाकघरातील कोपऱ्याच्या वरच्या व खालच्या कपाटांना साध्या काटकोनी बिजागऱ्या लावल्याबद्दल, आणि योग्य बिजागऱ्या व नवीन शटर (कपाटाची दारे) विनामूल्य बसवून मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या कंपनीने पुण्यातील आमच्या घरात एल आकाराचे मॉड्युलर स्वयंपाकघर बसवून दिले. ओट्याखालच्या ट्रॉल्या, सिंकखालचे कपाट आणि चिमणीच्या दोन्ही बाजूंची कपाटे यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती कोपऱ्यातील दोन तिरक्या कपाटांबद्दल : एक वर भिंतीवरचे, आणि दुसरे त्याच कोपऱ्यात ओट्याखाली असलेले, कॅरोसेल (गोल फिरणारे ट्रे) बसवलेले. या दोन्हींच्या शटरना आपल्या माणसांनी लावलेल्या बिजागऱ्या अशा कपाटांसाठी नाहीतच. हे तोंडी अनेकदा सांगूनही प्रत्येक वेळी ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून आता लेखी कळवीत आहे.

आधी आजची स्थिती सांगते. वरच्या कपाटाचे शटर पूर्ण मिटत नाही. बिजागरीच्या बाजूला बोट शिरेल एवढी फट कायम राहते, आणि हात काढला की शटर हळूच पुन्हा बाहेर येते. उघडायला गेले तर अर्ध्याहून थोडे पुढे जाऊन अडते, त्यामुळे आतला तांदळाचा डबा सरळ बाहेर येत नाही. भरलेला डबा डोक्याच्या उंचीवर तिरका करून काढावा लागतो. माझ्या सासूबाईंचे वय पाहता हे गैरसोयीचेच नव्हे, तर धोक्याचे आहे. कोटेशनमध्ये ‘सर्व शटरना सॉफ्ट क्लोज हिंज’ असे स्पष्ट लिहिलेले असताना हे शटर आजवर एकदाही आपोआप सावकाश मिटलेले नाही.

खालच्या कपाटाचे शटर सुरुवातीला बरे चालत होते. नंतर ते एका बाजूने झुकले, त्याची खालची कड स्कर्टिंगला (कपाटाखालच्या पट्टीला) घासू लागली, आणि आता त्या कोपऱ्यावरचे एज बँडिंग (बोर्डाच्या कडेवर चिकटवलेली पट्टी) उखडून आतला बोर्ड उघडा पडला आहे. फरशी पुसताना तिथे पाणी लागते, म्हणजे हा बोर्ड फुगणार हे सांगायला जाणकार लागत नाही.

आपल्या सर्व्हिस विभागाने मला कळवले की बिजागऱ्या नामांकित बनावटीच्या आहेत, त्यांत काहीही दोष आढळला नाही, सबब वॉरंटी लागू होत नाही. त्या चांगल्या बनावटीच्या आहेत हे मलाही मान्य आहे. याच बिजागऱ्या शेजारच्या सरळ कपाटांवर उत्तम चालतात. दोष बिजागरीत नसून तिच्या निवडीत आहे, आणि निवड आपल्या डिझायनरने केली होती, आम्ही नव्हे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपणच दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे वरचे कपाट दोन्ही भिंतींवर प्रत्येकी ६०० मिमी पसरलेले आहे आणि त्याच्या बाजूच्या फळ्या ३०० मिमी खोल आहेत. म्हणजे वरून पाहिले तर तो पाच बाजूंचा आकार आहे : भिंतीलगतचे तीन कोन काटकोन, आणि शटर ज्या दोन फळ्यांना भेटते तिथले दोन कोन प्रत्येकी १३५ अंशांचे. शटरच्या जागेची रुंदी कर्णाच्या हिशेबाने सुमारे ४२४ मिमी येते, आणि आपल्या ड्रॉइंगवर हाच आकडा छापलेला आहे. याचा अर्थ शटर आणि बाजूची फळी यांच्यात काटकोन नसून विशालकोन आहे, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून आपल्या कागदावर होती.

साधी कपची बिजागरी (जिचा वाटीसारखा भाग, म्हणजे कप, शटरमधल्या गोल भोकात बसतो), जिला आपले फिटर ‘झीरो क्रँक’ म्हणतात, ती शटर मिटल्यावर फळीशी ९० अंशांत येईल हे धरून बनवलेली असते. ती १३५ अंशांच्या कोपऱ्यावर लावली, तर शटर कपाटाला टेकते तेव्हा बिजागरीच्या दृष्टीने ते अजून ४५ अंश उघडेच असते. बिजागरीतील स्प्रिंगची ओढ आणि सॉफ्ट क्लोजचा डॅम्पर (शटर सावकाश मिटवणारा भाग), दोन्ही काम करतात ते मिटण्याच्या शेवटच्या टप्प्यात. आमच्या शटरच्या बाबतीत तो टप्पा कधी येतच नाही. फट राहणे, शटर परत बाहेर येणे आणि सॉफ्ट क्लोज न चालणे या तिन्ही तक्रारींचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे. उघडण्याचेही तसेच. बिजागरी ११० अंश उघडणारी आहे. त्यातले ४५ अंश मिटलेल्या अवस्थेतच खर्ची पडल्यावर हाती ६५ अंशच उरतात. डबा का अडकतो हे यावरून लक्षात यावे.

अशा कपाटांसाठी कोनी बिजागऱ्या वेगळ्या मिळतात. ब्लम, हेटिक यांसारख्या उत्पादकांच्या सूचीत त्या स्वतंत्र दिलेल्या असतात आणि सॉफ्ट क्लोजसहही उपलब्ध आहेत. तिरक्या कोपऱ्याच्या कपाटाला अधिक (+) ४५ अंशांची, म्हणजे काटकोनापेक्षा ४५ अंश जास्त कोनाची, बिजागरी लागते. कोणी हाच कोन १३५ अंश असा पूर्ण मोजून सांगतो. उणे कोनाच्या बिजागऱ्या याच्या उलट, म्हणजे फळी आणि शटर यांच्यात लघुकोन असेल तेव्हासाठी असतात. मागणी नोंदवताना आपल्या खरेदी विभागाने हे चिन्ह नीट पाहावे, एवढ्यासाठीच हा तपशील लिहीत आहे. पुन्हा चुकीचा माल येऊन काम लांबणे आम्हाला परवडणार नाही.

आता ‘अ‍ॅडजस्टमेंट’विषयी. बिजागरीवर शटर डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली सरकवण्याची सोय असते, पण ती काही मिलिमीटरची. शेजारच्या शटरशी रेषा जुळवण्यासाठी ती दिलेली आहे. ४५ अंशांची चूक त्या स्क्रूंनी भरून निघणे शक्य नाही, आणि ती भरून काढण्याच्या प्रयत्नात नुकसान मात्र झाले. आपल्या फिटरने वरच्या कपाटाच्या बाजूचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला, तरी फट गेली नाही. तेव्हा शटरला आतून चुंबकी कॅच बसवून दिला. त्यामुळे शटर काही काळ मिटून राहू लागले खरे, परंतु प्रत्येक वेळी उघडताना हिसका द्यावा लागे आणि तो सगळा जोर कपाशेजारच्या दोन छोट्या स्क्रूंवर येई. आज त्यांपैकी वरच्या बिजागरीचा एक स्क्रू बोटाने फिरतो, त्याच्याभोवती बोर्डचा भुसा साठलेला दिसतो आणि कपाची कड शटरच्या पातळीपासून वर उचललेली आहे. चुंबकाचा त्यावर आता काही उपयोग राहिलेला नाही.

खालच्या कपाटात आणखी वेगळा प्रकार केलेला आहे. कॅरोसेलचा खालचा ट्रे फिरवून बाजूला घेतला आणि टॉर्च लावून पाहिले, तर माउंटिंग प्लेट (बिजागरी ज्यावर बसते ती पट्टी) फळीवर बसवलेलीच नाही. फळीवर उरलेल्या बोर्डाच्या तुकड्याची तिरकी कापलेली पाचर ठोकून तिच्यावर प्लेट बसवली आहे. पाचरीने कोन काटकोनात आणून साधी बिजागरी चालवणे ही सुतारकामातली जुनी युक्ती आहे, आणि पूर्ण उंचीची भक्कम पट्टी फळीला आतून पक्की जोडून ती केली असती, तर कदाचित मी हरकत घेतली नसती. इथे मात्र प्रत्येक बिजागरीमागे बोटभर लांबीचा पार्टिकल बोर्डाचा तुकडा आहे, त्याला लॅमिनेट नाही, एज बँडिंग नाही, आणि प्लेटचे स्क्रू त्याच्या पातळ होत गेलेल्या कडेत शिरले आहेत. पार्टिकल बोर्डाच्या कडेत स्क्रू धरत नाही हे आपल्या कारखान्यातील कोणीही सांगेल. वरची पाचर चिरली आहे आणि शटर झुकले ते त्यामुळे. फॅक्टरीत यंत्रावर तयार झालेले फर्निचर म्हणून आम्ही मॉड्युलर काम निवडले आणि त्यासाठी सुताराच्या कामापेक्षा अधिक दर मोजला. त्या फर्निचरच्या आत असे तुकडे ठोकलेले असावेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

यानंतर आपल्या कार्यालयाकडून एक सुधारित अंदाजपत्रक आले. त्यात १६५ अंशांच्या ‘कॉर्नर हिंज’ सुचवल्या आहेत आणि त्यांचे पैसे तसेच मजुरी आमच्याकडून मागितली आहे. हा प्रस्ताव मला दोन्ही अंगांनी अमान्य आहे.

पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या बिजागऱ्याही चुकीच्याच आहेत. १६५ अंश हा शटर किती उघडते याचा आकडा आहे. मिटल्यावर ते फळीशी कोणत्या कोनात राहते याच्याशी त्याचा संबंध नाही. ही बिजागरीही मिटताना काटकोनातच येऊ पाहणार. ४५ अंश वजा जाऊन १२० अंश उघडेल हे खरे, पण फट तशीच राहील, स्प्रिंगची ओढ लागणार नाही आणि शटर आजच्याप्रमाणेच अधांतरी राहील. शिवाय आमच्या तिरक्या शटरपुढे शेजारच्या कपाटाचा दर्शनी भाग १३५ अंशांवर आहे. त्यापलीकडे शटर जाऊच शकत नाही, आणि त्याच्या फार जवळ नेले तर शेजारच्या हँडलवर आपटेल. त्यामुळे या जागी ९५ ते ११० अंश उघडणारी कोनी बिजागरी पुरेशी आहे, नव्हे, तीच योग्य आहे. १६५ अंशांच्या बिजागऱ्या कोपऱ्यात वापरतात हे मलाही माहीत आहे, परंतु ते वेगळे कपाट : ज्याचे तोंड आत काटकोनात वळलेले असते आणि ज्याची दोन शटर एकमेकांना जोडून घडी होऊन उघडतात. तिथे १६५ अंशांची जोडी कपाटाच्या फळीला आणि घडीची वेगळी जोडी दोन शटरच्या मध्ये लागते. आपल्या सूचीत दोन्हींना ‘कॉर्नर’ म्हटलेले असल्याने हा घोटाळा झाला असावा. ड्रॉइंग उघडून पाहिले असते तर तो टळला असता.

केवळ बिजागऱ्या बदलूनही काम पुरे होणार नाही. कपासाठी ३५ मिमी व्यासाचे आणि १२ मिमीच्या आसपास खोलीचे भोक १८ मिमीच्या शटरमध्ये पाडलेले असते. त्याच्या कडेचे स्क्रू एकदा उपटले की त्याच जागी पुन्हा पकड मिळत नाही, आणि दोन-चार मिलिमीटर सरकून नवे भोक घेतले तर दोन भोके एकमेकांत मिसळतात. लाकडाचा भुसा आणि गोंद भरून जुने स्क्रू परत बसवण्याची सूचना आपल्या सुपरवायझरने केली होती. सतत वापराच्या कपाटाला तो इलाज टिकणार नाही, म्हणून मी तेव्हाच नकार दिला आहे.

यास्तव माझी मागणी अशी आहे की दोन्ही कपाटांना आपण अधिक ४५ अंशांच्या, सॉफ्ट क्लोज असलेल्या कोनी बिजागऱ्या व त्यांच्याच जुळणीच्या माउंटिंग प्लेट विनामूल्य बसवून द्याव्यात. दोन्ही शटर नवीन करून द्यावीत, त्यांचा रंग व लॅमिनेट शेजारच्या शटरशी जुळणारे असावे, आणि कपाची भोके उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे कारखान्यात यंत्रावर पाडलेली असावीत. खालच्या कपाटातील पाचरी काढून तिथली फळी नीट बुजवावी. स्क्रूंनी ती फार खराब झाली असल्यास ती फळीच बदलावी. काम झाल्यावर भरलेल्या डब्यांसह कॅरोसेल पूर्ण फिरवून आणि शटर उघडझाप करून माझ्यासमोर तपासणी व्हावी, आणि नव्या भागांची वॉरंटी त्या दिवसापासून लेखी मिळावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत हे प्रकरण बसते असे माझे मत आहे, कारण आराखडा, निवड आणि बसवणी या तिन्हींचे पैसे आपण घेतले आहेत. या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, याची मी चौकशी केलेली आहे. तशी वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे. मला हवे आहे ते नीट मिटणारे कपाट.

कोटेशन, मंजूर ड्रॉइंग, पैसे भरल्याच्या पावत्या, सुधारित अंदाजपत्रक आणि पाचर व उपटलेल्या स्क्रूंची छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पाहणीसाठी माणूस पाठवताना आधी फोन करावा, आणि फिटरबरोबर हे ड्रॉइंग करणाऱ्या डिझायनरलाही पाठवावे, म्हणजे मोजमाप व बिजागरीचा क्रमांक जागेवरच लिहून ठरवता येईल.

आपली विश्वासू,
(सही)
सदनिकाधारक ग्राहक, पुणे